आयएफएससीतलं शून्य कुठे गेलं? (ॲक्सेसचा इनपुट मास्क)

फॉर्मवर आयएफएससी कोड पूर्ण ११ अक्षरी दिसतो, पण एक्सेलमध्ये नेला की १०च अक्षरं उरतात, असं तुम्ही म्हणता. दोष इनपुट मास्कच्या (फील्डमध्ये काय, कसं टाइप करता येईल हे ठरवणाऱ्या सूचनेच्या) दुसऱ्या भागात आहे.

ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये मास्कचे अर्धविरामांनी तोडलेले तीन भाग असतात: साचा, साच्यातली ठरीव चिन्हं साठवायची की नाही, आणि रिकाम्या जागी दिसणारं चिन्ह. तुमचा साचा बरोबर आहे: >, चार कॅपिटल एल (एल म्हणजे इथे अक्षर हवंच), बॅकस्लॅश-शून्य, सहा कॅपिटल ए (अक्षर किंवा अंक हवाच). पण बॅकस्लॅशमुळे पाचव्या जागेवरचं शून्य ठरीव चिन्ह झालं. दुसरा भाग रिकामा किंवा १ असला की ते फक्त दिसतं, साठत नाही. तिथे ० लिहा. फॉर्मवरच्या टेक्स्ट बॉक्सला मास्कची स्वतःची प्रत असते, तीही बदला. फील्ड साइज ११ हवा.

जुन्या नोंदी मात्र आपोआप सुधारणार नाहीत. आधी बॅकअप घ्या, मग अपडेट क्वेरी (साठवलेल्या नोंदी एकदम बदलणारी आज्ञा) चालवा आणि कोड असा जोडा: डावीकडची ४ अक्षरं, शून्य, पाचव्यापासून पुढचं सगळं. अट: लांबी १०. अट विसरलात तर धड असलेल्या कोडमध्येही जादा शून्य घुसेल.

पिनकोडचं उलट. तीन शून्यं, एक स्पेस, तीन शून्यं असा मास्क असेल तर दुसरा भाग १ ठेवा, नाहीतर ४११ ०३० आणि ४११०३० या शोधताना दोन वेगळ्या नोंदी ठरतात.

०१२३४५ सारखा पिनकोड शिरतो, कारण मास्कमधलं शून्य म्हणजे 'इथे कुठलाही अंक हवाच', एवढंच. पहिला अंक १ ते ९ असावा हे मास्कला सांगताच येत नाही. ते टेबलच्या व्हॅलिडेशन रूलमध्ये (डेटा साठवण्याआधी तपासला जाणारा नियम) लाइक (Like) वापरून लिहा: चौकटी कंसात १-९, पुढे पाच हॅश (एक हॅश म्हणजे कुठलाही एक अंक). मोबाईलला ६-९ आणि नऊ हॅश. शिवाय अपेंड क्वेरीने (दुसरीकडच्या नोंदी टेबलात भरणाऱ्या आज्ञेने) आलेला डेटा मास्क तपासतच नाही, टेबलचा रूल तपासतो. म्हणून रूल आधी, मास्क नंतर.

पॅनला >, पाच एल, चार शून्यं, एक एल पुरतं. नावाला, पत्त्याला मास्क लावूच नका. खाते क्रमांकालाही नको, बँकेगणिक लांबी बदलते.

अर्धवट भरून पुढे गेलं की येणारा तो रुक्ष इंग्रजी संदेश म्हणजे एरर २२७९. फॉर्मच्या ऑन एरर इव्हेंटमध्ये तो क्रमांक पकडून मराठी संदेश दाखवा आणि रिस्पॉन्सला acDataErrContinue द्या, म्हणजे मूळ संदेश दिसणार नाही. माउसने क्लिक केल्यावर कर्सर मधेच बसत असेल, तर ऑन क्लिकमध्ये, फील्ड रिकामं असेल तेव्हाच, सेल-स्टार्ट (SelStart, कर्सरची जागा) ० करा.