गोल्डन वीकमध्ये तातेयामाला स्की घेऊन जायचंय: जमेल का, आणि तयारी काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मूळ पुण्याचे, सध्या नोकरीनिमित्त जपानमध्ये नागोयात. गुलमर्गला दोन आठवड्यांचा स्कीइंगचा कोर्स केलाय, लिफ्टच्या मध्यम उतारांवर व्यवस्थित वळता येतं. आता २९ एप्रिल ते ५ मेच्या सुट्ट्यांत (जपानचा ‘गोल्डन वीक’) दोन मित्रांबरोबर तोयामाजवळच्या तातेयामा पर्वतात जाऊन, लिफ्ट नसलेल्या डोंगरावर स्वतः चढून स्कीइंग करायचंय. जमेल का, आणि काय लागेल?

जमेल. पण माझी एक अट आहे: आदल्या रात्री मुरोदोलाच, म्हणजे डोंगरावर बस जिथवर जाते त्या पठारावरच, मुक्काम करा. एका दिवसात जाऊन-येऊन करू नका. पैसे वाचवायचे तर बाकी कुठेही वाचवा, हा मुक्काम मात्र सोडू नका. कारण वसंतातल्या डोंगरावर सगळं घड्याळावर चालतं, आणि पहिली बस पकडून येणारा माणूस त्या घड्याळाच्या दोन-तीन तास मागे असतो.

रात्री आकाश निरभ्र असेल तर दिवसा वितळलेला बर्फाचा वरचा थर गोठून दगडासारखा होतो. सूर्य वर आला की त्याचे वरचे दोन-पाच सेंटिमीटर सैल होतात. हातात घेतलं तर सुटे, गोल, ओलसर दाणे असतात, अगदी जाड्या साखरेसारखे. जपानी लोक या बर्फाला ‘झारामे’ म्हणतात आणि त्याचा अर्थ जाडी साखरच. वर दाणे आणि खाली टणक फरशी, या अवस्थेत स्की इतकी सहज वळते की गुलमर्गच्या आखीव उतारावर जमणारं वळण इथेही जमतं. ही अवस्था एका उतारावर तास-दीड तास टिकते. त्याआधी काच, त्यानंतर चिखल. काचेवर घसरलात तर थांबवणारं काही नसतं. चिखलात स्की अडकून गुडघा मुरगळतो, आणि उतार तीव्र असेल तर तो ओला थरच खाली निघतो.

इथे भारतातून आलेल्यांची एक हमखास चूक होते. पुण्यात एप्रिलच्या अखेरीस सूर्य डोक्यावर येतो तो साडेबाराला. तातेयामाला पावणेबारालाच येतो, आणि उगवतो पाचच्या सुमाराला. म्हणजे ‘सकाळी नऊ’ हे आपल्या अंगवळणी पडलेल्या नऊपेक्षा पाऊण तास पुढचं असतं. पूर्वेकडच्या उतारावर आठच्या आसपास दाणे सुटतात, दक्षिणेकडच्या नऊ-साडेदहाला, पश्चिमेकडच्या अकरानंतर. उत्तरेकडचे कधी कधी दिवसभर कडकच राहतात. हे अंदाज आहेत, वारा आणि ढग ते तासाभराने इकडेतिकडे करतात. खरी परीक्षा पायाची: स्की काढून उभे राहा. बूट घोट्यापर्यंत रुतू लागला की त्या उतारावरची वेळ संपत आली. नडगीच्या मध्यापर्यंत गेला तर त्या उताराखालीसुद्धा थांबायचं नाही. आणि रात्रभर ढग राहिले, पहाटे पाच वाजतासुद्धा बर्फ तुमचं वजन पेलत नसेल, तर त्या दिवशी तीव्र उतार बंद, मग ऊन पडो न पडो.

आता जागा. मुरोदो २,४५० मीटरवर आहे. तिथे नेणारा केबल कार आणि बसांचा तातेयामा-कुरोबे मार्ग एप्रिलच्या मध्यावर उघडतो तेव्हा तिथे सहा-सात मीटर बर्फ असतो. नागोयाहून हिदा एक्सप्रेसने तोयामा सुमारे चार तास, पण थेट तोयामापर्यंत जाणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत, वेळा आधी बघा. पुढे चितेत्सु या खासगी रेल्वेच्या लोकलने तातेयामा स्टेशन तासाभरावर, मग केबल कारने बिजोदाइरा आणि तिथून बसने मुरोदो. दुसरी वाट नागानोकडून ओगिझावामार्गे, कुरोबे धरणावरून. बघायला ती फार सुंदर आहे, पण स्की, बूट आणि पाठपिशवी घेऊन इतक्यांदा वाहनं बदलणं जिवावर येतं. तोयामाकडूनच जा. सुट्टीत तिकिटं वेळेच्या स्लॉटसकट ऑनलाइन काढून ठेवा आणि सामान १० किलोंच्या वर असेल तर त्याचे वेगळे पैसे धरा. परतीची शेवटची वाहनं दुपारीच सुटतात. वेळ तारखेनुसार बदलते, म्हणून पोचल्या पोचल्या फलकाचा फोटो काढून घ्या.

मुक्कामाला राइचोसो, मिकुरिगाइके ओन्सेन, मुरोदो सान्सो अशी घरं आहेत. रात्रीचं आणि सकाळचं जेवण धरून माणशी साधारण दहा ते पंधरा हजार येन. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा, पण त्यावर विसंबू नका. मिसो सूपपासून उकडलेल्या भाजीपर्यंत सगळ्यात दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतो. गरम पाणी घालून होणारा पाकिटातला भात जपानी दुकानांत मिळतो. त्यावर घरचं मेतकूट आणि तुपाची लहान डबी, एवढ्यावर डोंगरातला दिवस निघतो. तंबू मुरोदोजवळच्या राइचोसावा तळावर लावता येतो, पण पहिल्या खेपेला नको. वाऱ्याचा अंदाज येईपर्यंत भिंतीआड झोपलेलं बरं.

पहिल्या दिवशीसाठी मी एकच वाट सांगेन: मुरोदो ते इचिनोकोशी खिंड आणि परत. चढ २५० मीटरांचा, नवख्यांना दीड तास. उताराचं तोंड पश्चिम-वायव्येला, म्हणजे तो उशिरा सैल होतो. साडेआठला निघा, दहा-साडेदहाला खिंडीत पोचा, अकराच्या पुढे दाणे सुटले की उतरा. खिंडीच्या पलीकडे ओयामादानीची घळ कुरोबे तलावाकडे उतरते. नकाशात ती मोहात पाडते, पण तुमच्यासाठी नाही: तोंड आग्नेयेला, म्हणजे ऊन लवकर लागतं, आणि जितकं खाली जाल तितकं भर उन्हात परत चढावं लागतं. खिंडीवरून ३,००३ मीटरच्या ओयामाला जायचं असेल तर स्की खालीच रोवून ठेवा. ती खडकाळ, गोठलेली धार आहे, बुटांना क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे धातूचे दात) आणि हातात आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड) हवीच. ती वापरायला कोणी शिकवलं नसेल तर खिंडीतूनच परता.

दुसऱ्या दिवशी, बर्फ रात्री नीट गोठला असेल तर, राइचोसावातून त्सुरुगी-गोझेन या डोंगरी निवाऱ्याकडे. चढ पावणेपाचशे मीटर आणि तोंड दक्षिण-नैर्ऋत्येला, म्हणून सहालाच निघायचं आणि साडेदहाच्या आसपास खाली वळायचं. निवाऱ्याच्या पलीकडे उत्तरेला त्सुरुगीसावाची दरी. तिथे उतरू नका. परतीचा चढ लांब आहे, फोनला रेंजचा भरवसा नाही. त्सुरुगी शिखराच्या धोकादायक भागात १ डिसेंबर ते १५ मे दरम्यान जायला तोयामा प्रांताचा नियम वेगळा आहे: २० दिवस आधी लेखी कळवावं लागतं.

उतार किती तीव्र, हे डोळ्यांवर सोडू नका. जपानच्या सरकारी १:२५,००० नकाशात दर ५० मीटरला एक ठळक समोच्च रेषा असते. अशा दोन रेषांमधलं अंतर साडेतीन मिलिमीटरपेक्षा कमी भरलं, तर तो उतार ३० अंशांच्या वर आहे आणि हिमस्खलन होऊ शकणाऱ्या उतारांत मोडतो. नकाशा छापून, पट्टीने मोजून, अशा जागा लाल पेन्सिलीने भरून ठेवा. होकायंत्र वापरणार असाल तर लक्षात घ्या, महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळपास एकच, म्हणून सह्याद्रीत कोणी दुरुस्ती करत नाही. तातेयामाला सुई सुमारे ८ अंश पश्चिमेला ढळते. एक किलोमीटर चाललात की चूक १४० मीटरांची, आणि मुरोदोच्या सपाट पठारावर धुकं उतरलं की तेवढ्यात माणूस घळीच्या काठावर पोचतो. ढगात जमीन आणि आभाळ एकाच रंगाचं होतं, आपण उभे आहोत की घसरतोय हेही कळत नाही. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा, आणि फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला.

सामानात बीकन (गाडला गेलेला माणूस शोधायचं रेडिओ यंत्र), किमान २४० सेंटिमीटरचा प्रोब (बर्फात खुपसून बघायची काठी) आणि धातूच्या पात्याचं फावडं, तिघांपैकी प्रत्येकाकडे या तिन्ही वस्तू. एकाकडे कमी असेल तर गाडला गेलेल्याला शोधणारा एक माणूस कमी झाला. गाडल्या गेलेल्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते, तोवर बाहेरून कोणी पोचत नाही. मुक्कामाच्या घराबाहेर एक बीकन पिशवीत घालून पुरा आणि पाच मिनिटांत सापडेपर्यंत सराव करा. फोन बीकनपासून एरवी २० सेंटिमीटर आणि शोधताना ५० सेंटिमीटर लांब हवा, नाहीतर बीकन खोटे आकडे दाखवतो.

लोक विसरतात ते स्कीचे क्रॅम्पॉन. सकाळच्या काचेवर स्किन्स (चढताना स्कीच्या तळाला चिकटवायच्या केसाळ पट्ट्या) एकट्या धरत नाहीत. स्कीच्या कमरेच्या रुंदीपेक्षा दोन-चार मिलिमीटर रुंद आणि आपल्या बाइंडिंगला (बूट स्कीला जोडणाऱ्या कडीला) बसणारेच घ्या, घरी एकदा बसवून बघा. लावायचे उतार सुरू होण्याआधी सपाटीवर. तीस अंशांच्या बर्फात एका पायावर उभं राहून लावताना स्की हातातून सुटते आणि मुरोदोपर्यंत थांबत नाही. टाचेखालची दांडी सगळ्यात उंच केली तर बहुतेक बाइंडिंगमध्ये क्रॅम्पॉनचे दात वर उचलले जातात आणि पकड जाते. तेव्हा दांडी खाली ठेवा आणि वाट नागमोडी, कमी चढाची घ्या.

स्किन्सचं दुसरं दुखणं ओलाव्याचं. उन्हातल्या ओल्या बर्फातून सावलीत शिरलं की भिजलेले केस गोठतात आणि पायाखाली चार-चार किलोचे गोळे जमतात. निघण्यापूर्वी केसांच्या दिशेने मेण घासा आणि गोळा आलाच तर लगेच खरवडा. काढलेली स्किन जॅकेटच्या आत ठेवा, नाहीतर थंड गोंद पुढच्या चढाला चिकटत नाही. दोन रबरी पट्टे खिशात असू द्या, गोंद रुसला की स्किन बांधून घरी येता येतं.

वसंतात गोबीकडून पिवळी धूळ येऊन बर्फावर बसते. त्या मळकट पट्ट्यांवर स्की अचानक चिकटते, जणू कोणी मागून धरली, आणि माणूस तोंडावर पडतो. उतरताना पुढे रंग बदललेला दिसला की एक स्की पुढे घ्या, वजन किंचित मागे. उष्ण बर्फाचं मेण लावलेलं असेल तर त्रास निम्मा होतो.

आणि हवामान, ज्याला मी सगळ्यात घाबरतो. मे महिन्यात जपानच्या समुद्रावरून कमी दाबाचा पट्टा सरकतो तेव्हा आधी उबदार दक्षिण वारा आणि पाऊस येतो, आणि काही तासांत वारा फिरून हिमवादळ. पावसात भिजलेले कपडे अंगावरच गोठतात. ४ मे २०१२ रोजी याच पर्वतरांगेत, उत्तरेला शिरोउमा शिखराच्या परिसरात, साठीच्या पुढचे सहा गिर्यारोहक थंडीने दगावले. खाली मैदानात लोक सुट्टी साजरी करत होते. म्हणून २० अंशांचं ऊन असलं तरी पिशवीत पूर्ण वॉटरप्रूफ जोडी, जाड हातमोज्यांचा दुसरा जोड, पिसांचं जॅकेट आणि आपत्कालीन कापडी आडोसा हवाच. अंदाजात ‘पाऊस, नंतर वारा वायव्येकडे’ असं दिसलं तर त्या दिवशी घरात बसून ओन्सेनचा, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याचा, आनंद घ्या. वादळानंतर नवा बर्फ पडला असेल तर पहिल्या उन्हाचा दिवसही तीव्र उतारांवर नको, तो थर हमखास घसरतो.

मुरोदोला पोचलात की डोंगरात शिरण्याची नोंद भरायची: नावं, वाट, परतीची वेळ, सामान. इथल्याच मासागो-दाकेवर नोव्हेंबर २०१३ मध्ये हिमस्खलनात सात स्कीवाले गेले, तेव्हा हा कागद कंटाळा म्हणून भरू नका. तोयामा पोलिसांचं पर्वत पथक मुरोदोला असतं, सकाळी त्यांना बर्फाची स्थिती विचारा, जपानी मोडकंतोडकं असलं तरी नकाशावर बोट ठेवून काम होतं. संकटात ११० फिरवा. बचावाचा खर्च धरणारा डोंगरी विमा आधी काढा, कारण खासगी शोधपथकाचं बिल आपल्याला येतं. जिगोकुदानीच्या दरीत ज्वालामुखीचा वायू साठतो, बंद वाटेत शिरू नका. आणि बुटक्या पाइनच्या झुडपांवरून स्की नेऊ नका, त्यांच्या आडोशाला राइचो पक्षी असतात. ते माणसाला फारसे बिचकत नाहीत, म्हणून अंतर आपणच ठेवायचं.

तिघांपैकी कोणालाच हिमस्खलनाचं प्रशिक्षण नसेल तर पहिल्या दिवसासाठी स्थानिक मार्गदर्शक घ्या, तिघांत वाटून खर्च झेपतो. मुरोदोचं बुकिंग मिळालं नाही तर नागोयाहून मात्सुमोतोमार्गे नोरिकुरा-कोगेन बघा. एप्रिलच्या अखेरीपासून वसंतातली बस २,३५० मीटरवरच्या कुराइगाहारा सान्सोपर्यंत जाते आणि त्याच्या वरचे मोकळे उतार पहिल्या खेपेला मला तातेयामाइतकेच योग्य वाटतात.