लाल पेशींचा प्रश्न आणि गणित सोडण्याचा विचार

सप्रेम नमस्कार,

आपली मुलगी अकरावी विज्ञानला असून नीटसाठी तिने गणित सोडावे असा सल्ला शिकवणीतून मिळाल्याचे आपण नागपुरातील धरमपेठेहून कळवले आहे. ईएसआर म्हणजे रक्तातील लाल पेशी किती वेगाने तळाशी बसतात हे मोजणारी तपासणी; तिच्या नळीत लाल पेशी एकमेकींना चिकटून तळाशी बसतात, मग शरीरात तसे का होत नाही, हा तिचा प्रश्नही आपण लिहिला आहे. तो वाचूनच मी सांगतो की तिला गणित सोडायला लावू नये.

पेशी शरीरातही एकत्र येतात. रक्तातील फायब्रिनोजेनसारख्या मोठ्या प्रथिनांमुळे सुमारे ८ मायक्रोमीटर व्यासाच्या या चपट्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर रचल्या जातात. ही रक्ताची गुठळी नव्हे, कारण गुठळी फायब्रिनच्या धाग्यांनी घट्ट बांधलेली असते, तर चळत प्रवाहाच्या ओढीने सुटते. रक्तवाहिनीत भिंतीलगतचे रक्त संथ आणि मधले वेगवान असते. लगतच्या थरांतील वेगाचा हा बदल (वेगांतील फरक भागिले थरांमधील अंतर) प्रतिसेकंद १०० च्या पुढे गेला की चळती जवळपास उरत नाहीत, १ च्या आसपास उतरला की त्या पुन्हा जुळतात आणि रक्त कित्येक पटींनी दाट होते. नळीतले रक्त स्थिर असते, म्हणून चळती वाढत जातात आणि जड होऊन लवकर खाली बसतात. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच असल्याने हेही तिला सांगावे, की कोयत्याच्या आकाराच्या पेशींची अशी चळत नीट लागत नाही.

थरांमधील वेगाचा बदल म्हणजे सरळसरळ कॅल्क्युलस आहे. नीटला गणित नसते हे खरे. परंतु आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्रासोबत गणितही असते आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत अभियांत्रिकीला जायचे तर जेईई द्यावीच लागते. मेडिकलला किंवा एम्सला प्रवेश मिळाला तरी अशा संशोधनात गणित लागेलच. तिच्यावर ताण येईल ही आपली काळजी रास्त आहे, म्हणून जेईईची वेगळी शिकवणी तूर्त लावू नये. बोर्डाचे गणित मन लावून केले तरी सध्या पुरे.

तिला आणखी एक गोष्ट विचारावी. ईएसआरची नळी तिरपी ठेवली तर पेशी अधिक लवकर खाली बसतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ बॉयकॉट यांनी १९२० साली नोंदवले. असे का होते, ते तिने आकृती काढून मला लिहून पाठवावे.