कॉम्प्युटरच्या लहान कॅबिनेटमध्ये कमी आवाजाचे फॅन कोणते घ्यावेत आणि कुठे लावावेत?

तुमची परिस्थिती अशी: बेळगावच्या शहापुरात विणकरांच्या मागांच्या गल्लीत घर, अकरा लिटरचं मिनी-आयटीएक्स (छोट्या मदरबोर्डचं) कॅबिनेट, रायझन ५ ५६००जी प्रोसेसर आणि त्याच्यासोबत आलेला कूलर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मागे ९२ मिमीचा एक फॅन, तळाला १२० मिमीच्या दोन जागा रिकाम्या. रात्री घरघर सहन होत नाही.

खरेदीआधी मागच्या फॅनच्या वायरी मोजा. तीनच असतील आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तो हेडर, म्हणजे बोर्डवरची फॅन जोडायची जागा, पीडब्ल्यूएमवर (चौथ्या वायरीने वेग ठरवायच्या पद्धतीवर) असेल, तर फॅनला कायम पूर्ण १२ व्होल्ट मिळतात आणि तो सतत जोरात पळतो. सेटिंग डीसीवर (व्होल्ट कमी-जास्त करून वेग ठरवायच्या पद्धतीवर) करा. कित्येकदा एवढ्यावरच भागतं.

मग एखादं जड काम पंधरा मिनिटं चालवून बघा, आणि बाजूचं पॅनल काढून पुन्हा तेच काम तितकाच वेळ चालवा. प्रोसेसरचं तापमान सात-आठ अंशांनी उतरलं, तर हवेची वाट अडलेली आहे. एखाद-दुसराच अंश उतरला, तर अडचण कूलरची किंवा तो आणि प्रोसेसर यांच्यामधल्या पेस्टची आहे. तिथे कॅबिनेटला कितीही फॅन लावले तरी उपयोग नाही.

हवा नेमकी किती लागते? वॅटना १.७६ ने गुणा आणि आतली हवा खोलीपेक्षा जितके अंश गरम चालेल तितक्याने भागा. उत्तर सीएफएममध्ये (मिनिटाला किती घनफूट हवा) येतं. ५६००जी जास्तीत जास्त ८८ वॅट घेतो, बोर्ड आणि एसएसडी मिळून १०० धरू. दहा अंशांची वाढ चालवून घेतली तर १७.६ सीएफएम पुरतात. १२० मिमीचा साधारण ५६ सीएफएमचा, १८०० आरपीएमचा फॅन ८०० वर चालवला तर मोकळ्यावर २५ सीएफएम देतो. जाळी आणि फिल्टरने त्यातले निम्मे खाल्ले तरी दोन फॅन मिळून २५ होतातच. आणि वेग निम्मा केला की आवाज सुमारे १५ डेसिबलनी उतरतो, तर दुसरा तसाच फॅन वाढवल्याने फक्त ३ डेसिबल चढतो. म्हणून तळाला दोन फॅन लावा आणि ते सावकाश फिरवा.

फॅन चार वायरींचा आणि फ्लुइड बेअरिंगचा घ्या. स्लीव्ह बेअरिंग नको. तळाला आडवा बसवल्यावर तो लवकर झिजून कुरकुरायला लागतो. फिल्टरमधून हवा ओढायची असल्याने स्टॅटिक प्रेशर (अडथळ्यातून हवा ओढायची ताकद, पाण्याच्या मिमीत मोजतात) २ मिमीच्या वर बघा. पैशाच्या मानाने आर्क्टिक पी१२ पीडब्ल्यूएम मला सर्वांत योग्य वाटतो. नॉक्टुआचा एनएफ-ए१२x२५ जास्त शांत, पण बराच महाग. दोन्हींची जाडी २५ मिमी आहे, तेव्हा आतली जागा आधी पट्टीने मोजा. जमत नसेल तर १५ मिमीचे पातळ फॅन मिळतात.

बसवताना चौकटीवरचा बाण बघा: दोन्हींची हवा आत यायला हवी. मागचा ९२ मिमीचा बाहेर फेकणारा ठेवा, पण अगदी हळू. आत येणारी हवा जास्त असली की ती फटींतून बाहेर पडते आणि धूळ फक्त फिल्टरवरच अडते. तुमच्या गल्लीत हे फार महत्त्वाचं, कारण सुताचे बारीक तंतू कूलरच्या पात्यांत बसले की गादीसारखे दाटतात. तळाखाली निदान २० मिमी मोकळं हवं. फॅनची ओढणारी बाजू पत्र्याच्या जाळीला अगदी चिकटली की वेगळाच सूं-सूं आवाज येतो. मध्ये ५ मिमीची रबरी चौकट घाला. स्क्रूऐवजी रबरी पिना वापरल्या की पत्रा थरथरत नाही.

सोबतचा कूलर मात्र बदलाच. थर्मलराइट एएक्सपी९०-एक्स४७ ची उंची ४७ मिमी, म्हणजे आत्ताच्यापेक्षाही कमी. बायोसमध्ये इको मोड (प्रोसेसरने कमी वीज घ्यायची सोय) ४५ वॅटवर टाका. रोजच्या कामात फरक जाणवत नाही.

फॅनचा वेग ५० अंशांपर्यंत ३५ टक्के, ७० ला ५५, ८५ ला ८० आणि ९० ला पूर्ण असा लावा. वेग वाढायला तीन-चार सेकंदांचा उशीर द्या, नाहीतर ब्राउझर उघडताच फॅन उसळतो. एखाद्या ठरावीक वेगालाच गुणगुण येत असेल, तर तो आकडा टाळून वर किंवा खाली घ्या.

हे सगळं पावसाळ्यात बसवून समाधान मानू नका. फॅन खोलीच्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. जुलैत २४ अंशांच्या खोलीत ६५ दिसणारा प्रोसेसर एप्रिलमध्ये ३५ च्या खोलीत ७६ दाखवेल. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर असल्याने हवा विरळ, त्याचे आणखी एक-दोन अंश या दोन्ही आकड्यांत आलेलेच असतात, त्यांची काळजी नको. ५६००जीची मर्यादा ९५ आहे.

फिल्टर दर पंधरवड्याला काढून धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. पावसात त्याला दोन दिवसही लागतील, म्हणून एक जादा ठेवा. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरा, नाहीतर फॅन भरमसाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.