चालू संगणकातली रजिस्ट्री कॉपी का होत नाही?

प्रश्न : चोपड्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दोन प्रिंटर आणि अंगठ्याच्या मशिनची सेटिंग बसवताना नाकी नऊ आले. विंडोज बिघडलं तर कामाला येतील म्हणून रजिस्ट्रीच्या (विंडोज आपली सगळी सेटिंग जिथं नोंदवतं त्या) फाइली पेनड्राइव्हवर घेत होतो. 'सिस्टम३२'मधल्या 'कॉन्फिग' फोल्डरमधून एकही कॉपी होईना, फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे म्हणे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर तर मीच!
– एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, अधिकाराचा प्रश्नच नाही. सिस्टम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी या फाइली विंडोज सुरू होतानाच ताब्यात घेतं, ते मशिन बंद होईपर्यंत सोडत नाही. जळगावच्या दाणा बाजारात वडिलांची आडत होती. भरदुपारी खतावणी मागितली की मुनीमकाका म्हणत, "थांब भाऊ, लिखी ऱ्हायनू." शिवाय ताज्या नोंदी आधी रोजमेळात, खतावणीत मागाहून. इथंही तसंच. त्या फाइलींशेजारच्या 'लॉग१', 'लॉग२' म्हणजे रोजमेळ. नुसती मुख्य फाइल हाती लागली तरी ती शिळी असू शकते.

म्हणून नक्कल मुनीमाकडूनच, म्हणजे विंडोजकडूनच करून घ्यायची. कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची काळी खिडकी) 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडा आणि इंग्रजीत टाइप करा : रेग सेव्ह एचकेएलएम\सिस्टम डी:\नक्कल\सिस्टम.हिव (reg save HKLM\SYSTEM D:\nakkal\system.hiv). डी ड्राइव्हवर 'nakkal' फोल्डर आधी बनवून ठेवा. मग दोन्हीकडे 'सिस्टम'च्या जागी 'सॉफ्टवेअर' घालून पुन्हा. रेजएडिटमधल्या (रजिस्ट्री बघायच्या प्रोग्राममधल्या) एक्स्पोर्टने मजकुराची फाइल मिळते, 'रेग सेव्ह'ची मात्र मूळ घडणीची.

'कॉन्फिग'मधल्या 'रेगबॅक' या रजिस्ट्री-बॅकअपच्या फोल्डरवर विसंबू नका. भुसावळच्या एका गिऱ्हाइकाला मी मोठ्या तोऱ्यात "तिथं बॅकअप असतोच" सांगितलं आणि उघडून बघतो तर प्रत्येक फाइल ० केबी! विंडोज १०च्या १८०३ आवृत्तीपासून तो बॅकअप आपोआप होतच नाही.

पण तुमचं काम एवढ्यानं भागणार नाही. रजिस्ट्रीत असते नोंद, प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) नव्हे. नव्यानं टाकलेल्या विंडोजवर जुनी रजिस्ट्री चढवली तर ते कदाचित सुरूही होणार नाही. सिस्टम प्रोटेक्शन चालू करा (बऱ्याच मशिनवर ते बंदच असतं) आणि आजच रिस्टोअर पॉइंट (बिघाड झाल्यास परत जायची खूण) बनवा. डिस्कच गेली तर तोही जाईल, म्हणून महिन्याकाठी अख्ख्या सी ड्राइव्हची इमेज (जशीच्या तशी नक्कल) बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून गल्ल्यात ठेवा, त्याच संगणकात नको.