अमेरिकेत नाण्यावरच्या चित्रावरून लोक खरंच भडकले होते का?

भडकले होते, आणि एकदा नव्हे. पण नेटवर सगळ्यात जास्त फिरणारा किस्साच सगळ्यात कच्चा आहे. १९१६ च्या पाव डॉलरवर लिबर्टीची (स्वातंत्र्याचं प्रतीक असलेल्या स्त्रीची) एक छाती उघडी होती, लोकांनी आरडाओरडा केला, म्हणून १९१७ मध्ये तिला चिलखत चढवलं, असं सांगतात. चिलखत चढलं हे खरं. पण त्या काळच्या वर्तमानपत्रांत तसा गदारोळ सापडत नाही, आणि डिझाइनमध्ये बदल खुद्द शिल्पकार मॅकनीललाच हवे होते.

खरा भडका उडाला १९२१ च्या डिसेंबरात. महायुद्धानंतरच्या शांततेची आठवण म्हणून 'पीस डॉलर' निघणार होता. मागच्या बाजूला कड्यावर बसलेला गरुड आणि सोबत मोडलेली तलवार. ते घडवणाऱ्या शिल्पकार अँथनी डी फ्रान्सिसीच्या मनात अर्थ साधा होता: लढाई संपली. वर्णन छापून आलं आणि 'न्यूयॉर्क हेराल्ड'ने अग्रलेखातून झोडपलं. त्यांचं म्हणणं, तलवार मोडते ती हरलेल्याची. जिंकणारा ती म्यान करतो. युद्ध जिंकून जेमतेम तीन वर्षं झालेली, त्यामुळे हे लोकांना झोंबलं आणि तक्रारींचा पाऊस पडला. (मला विचाराल तर हेराल्डचा मुद्दा बिनतोड होता.) नवं मॉडेल करायला वेळच नव्हता. मग टांकसाळीतल्या सत्तरी ओलांडलेल्या जॉर्ज मॉर्गनने पोलादी ठशावरूनच तलवार कोरून काढली आणि तिथे ऑलिव्हची फांदी लांबवली. वर्ष संपता संपता दहा लाखांवर नाणी पाडूनही झाली.

त्याआधी १७९३ च्या सेंटवरही असंच झालं होतं. १५ राज्यांची एकी म्हणून १५ कड्यांची साखळी कोरली, तर टीका झाली की स्वातंत्र्याला हा अपशकुन. त्याच वर्षी साखळी जाऊन पानांची माळ आली. १९०९ च्या लिंकन सेंटवर व्हिक्टर ब्रेनरने आपली 'व्हीडीबी' ही आद्याक्षरं ठळक टाकली, ती लोकांना जाहिरातबाजी वाटली आणि काही दिवसांतच काढली गेली. १९१८ मध्ये परत आली, पण लिंकनच्या खांद्यावर, बारीक.

१९४६ च्या रूझवेल्ट डाइमवर (दहा सेंटच्या नाण्यावर) मात्र टांकसाळ हटली नाही. गळ्याखालचं 'जेएस' म्हणजे जोसेफ स्टॅलिन, कम्युनिस्टांनी घुसवलंय, अशी आवई उठली. ती अक्षरं होती मुख्य कोरीवकार जॉन सिनॉकची. रूझवेल्ट डाइमवर ती कायम राहिली, भिंग लावून बघा.