आधी नाशिकरोड, मग लंडन

प्रिय,

प्रत्यार्पणाच्या, म्हणजे परदेशात पळालेल्या आरोपीला परत आणायच्या खटल्यांत काम करायचंय, त्यासाठी एलएलएमला (कायद्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला) लंडनला जाऊ का, असं विचारतेस. जा की. पण आधी वर्षभर गरिबांना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर काम कर आणि नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून बस धरून नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात जात राहा. पॅनेलच्या फीवर घर चालत नाही, हे आईला आधीच सांगून ठेव.

हे खटले अडतात कुठे, ते बघ. २०१८ मध्ये कर्जबुडव्या विजय मल्ल्याच्या सुनावणीत लंडनच्या न्यायाधीशांनी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या बरॅक क्रमांक १२ चा व्हिडिओ मागवला; आत उजेड येतो का, ते बघायला. २०२५ मध्ये शस्त्रास्त्र दलाल संजय भंडारीचं प्रत्यार्पण तिथल्या उच्च न्यायालयाने नाकारलं, त्याचं एक कारण दिल्लीच्या तिहार तुरुंगातला खंडणी-मारहाणीचा धोका. बरॅकीत माणशी ३ चौरस मीटरही जागा नसेल, तर युरोपीय मानवाधिकार न्यायालय, ज्याचे निकष लंडनमध्येही बघतात, ती अमानुष वागणूकच धरून चालतं. तसं नाही, हे तुरुंग ज्यांचा त्या सरकारने पटवायचं. अशा बरॅकीत दिवस कसा जातो, हे तुला कैद्यांच्याच तोंडून कळेल.

कच्चा कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेला, समोर बसला की कहाणी ऐकण्याआधी अटकेची तारीख आणि कलमं लिहून घे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश, इतरांनी निम्मा काळ काढला, की त्याच्या सुटकेसाठी कोर्टात अर्ज तुरुंग अधीक्षकांनीच करायचा. फाशी-जन्मठेपेच्या कलमांना हे लागू नाही. दुसरी केस चालू असली तरी अडतं. म्हणून “अजून कुठे केस?” हे दोनदा विचार. आधी “नाही मॅडम” म्हणतात, मग निफाडची एक निघते.

जामीन मिळूनही आत राहिलेले वेगळेच. परप्रांतातला साइटवरचा मजूर सातबारावाला जामीनदार कुठून आणणार? आदेशानंतर ७ दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृहाने प्राधिकरणाला कळवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलंय. कळवलं का, ते तू विचार. गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, जामिनाच्या रकमेला मदत देणारी. तिचा अर्ज भरायला शीक.

कुणाचा मुलगा दुबईत शिक्षा भोगत असेल, तर त्याच्या घरचेही तुझ्याकडेच येतील. कैद्यांना मायदेशी आणण्याच्या २००३ च्या कायद्याने त्याला इकडे आणता येतं. पण निकाल अंतिम हवा, साधारण ६ महिने तरी शिक्षा उरलेली हवी, त्याची स्वतःची आणि दोन्ही सरकारांची संमती हवी. आणि इथे येऊनही उरलेली शिक्षा काढायचीच आहे, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांग.

मोबाइल गेटवर ठेवावा लागतो. वही मोठी ने.