व्यंगचित्राला ओळ लिहिण्याच्या स्पर्धेत उतरायचंय, सुरुवात कुठून करू?

चित्र समोर आलं की काहीच सुचत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी बघा, चित्रात तोंड कोणाचं उघडं आहे. ओळ त्याचीच. निम्म्या चिठ्ठ्या इथेच बाद होतात, कारण बोलतो चित्रातला एक आणि लोक लिहितात दुसऱ्याच्या तोंडी.

गेल्या गणपतीत ठाण्यात आमच्या सोसायटीने अशी स्पर्धा ठेवली होती. फळ्यावर एकच चित्र: दिवाणखान्यात गुडघाभर पाणी, सोफ्यावर नवरा, शेजारी मगर, आणि ट्रेमध्ये दोन कप घेऊन उभी असलेली बायको. तोंड तिचं उघडं. बहुतेकांनी पाऊस, तुंबलेली गटारं नाहीतर मगरीचे अश्रू आणले. मी घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटच्या जाहिराती आठवून लिहिलं, ‘बिल्डर म्हणाला होता खाडी दिसेल, घरात येईल असं नव्हता म्हणाला.’ पहिला नंबर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा आला. त्यांची ओळ: ‘बिनसाखरेचा तुमचा की यांचा?’

पाण्याचं नाव नाही, मगरीचं नाही. ते दिसतंच आहे, मग सांगायचं कशाला? माझ्या ओळीने चित्रच पुन्हा सांगितलं. आजींनी मगरीला ‘हिचा’ न म्हणता ‘यांचा’ म्हटलं आणि त्या एका आदरार्थी शब्दाने ती पाहुणी झाली. शिवाय तो शब्द अगदी शेवटी. ‘यांचा बिनसाखरेचा की तुमचा?’ असं म्हणून बघा, हसू विरून जातं. मराठीत शब्द हलवायला भरपूर मोकळीक आहे, ती वापरा.

सरावासाठी मी ठाणे-वाशी लोकलमध्ये पेपरातल्या व्यंगचित्राखालची ओळ अंगठ्याने झाकतो, रबाळे येईपर्यंत आपली लिहितो आणि मग अंगठा उचलतो. आर. के. लक्ष्मण यांची जुनी चित्रं यासाठी फार चांगली. त्यांचा कॉमन मॅन गप्प असतो, बोलतो तो दुसराच कोणीतरी. शि. द. फडणीसांच्या बिनशब्दांच्या चित्रांनाही ओळ जोडून पाहा. बहुतेकदा चित्र बिघडतं, आणि ओळ कुठे नको हे तिथे नीट कळतं.

पहिल्या फटक्यात नंबर आला नाही तर सोडू नका. अमेरिकेतलं ‘न्यूयॉर्कर’ हे साप्ताहिक 2005पासून ही स्पर्धा नियमित घेतं. सिनेसमीक्षक रॉजर एबर्ट तिथे 2011मध्ये जिंकले, तेही शंभराहून जास्त ओळी पाठवल्यावर. आयुष्यभर लिहिण्याचंच काम केलेला माणूस होता तो!

त्या स्पर्धेत 250 अक्षरांची मर्यादा आहे. तुमच्या स्पर्धेत कितीही असो, जागा आहे म्हणून भरू नका. पहिल्या तीन ओळी कागदावर उतरवून बाजूला ठेवा, त्या बाकीच्यांनाही सुचलेल्या असतात. चौथीपासून पुढच्या ओळी घरात कोणाला तरी चित्र दाखवून मोठ्याने वाचून दाखवा. समजावून सांगावी लागली ती ओळ पाठवू नका.